खंबाटकीतला गचका: बाबांच्या सिम्युलेटरच्या नोंदी

९ एप्रिल २०२४, मंगळवार (पाडवा)

संध्याकाळी गुढी उतरवली आणि जॉयस्टिकचं खोकं उघडलं. बाबांना घरच्या कॉम्प्युटरवर विमान उडवता यावं म्हणून घेतली आहे. गुडघ्याच्या ऑपरेशनपासून त्यांचं फिरणं सोसायटीच्या फाटकापर्यंत आलंय. बाबा एअरफोर्समध्ये एअरफ्रेम फिटर होते, शेवटची काही वर्षं इथेच पुण्यात, लोहगावला. जन्मभर दुसऱ्यांना विमानं तयार करून दिली, स्वतः एकदाही उडवलं नाही. आजही धानोरीतल्या आमच्या गॅलरीवरून सुखोई गेलं की चहाचा कप खाली ठेवतात आणि आवाज विरेपर्यंत आकाशाकडे बघत राहतात.

त्यांची मागणी एकच आहे. लोहगावहून उडायचं, वाईवरून चक्कर मारायची, कृष्णेचा घाट वरून बघायचा आणि परत येऊन उतरायचं. वाई त्यांचं गाव.

मशीन मी २०२० मध्ये असेंबल करून घेतलेलं: रायझन ५ ३६००, १६ जीबी रॅम, ६ जीबीचं ग्राफिक्स कार्ड, ५१२ जीबीची एसएसडी, आधीच्या कॉम्प्युटरमधून काढून लावलेली १ टीबीची हार्ड डिस्क, ६० हर्ट्‌झचा १०८०पी मॉनिटर. सिम्युलेटर एक्स-प्लेन १२, विमान छोटं सेस्ना १७२.

पहिलं उड्डाण रनवे २८ वरून. चाकं सुटली आणि समोरचं चित्र गचके खायला लागलं. येरवड्याच्या वर तर थांबत थांबतच सरकत होतं. पाचव्या मिनिटाला बाबांना गरगरायला लागलं. चष्मा काढून डोळे मिटून बसले. बंद केलं.

१० एप्रिल

रात्री दोनपर्यंत जागून सेटिंगं बदलली. सावल्या कमी, ढग कमी, पाण्यातली प्रतिबिंबं बंद, अँटीअलायझिंग खाली, विंडोजचा पॉवर प्लॅन बदलला, गेम मोड चालू, मग बंद, ग्राफिक्स ड्रायव्हर काढून नव्याने टाकला. शेवटी बरं चालल्यासारखं वाटलं.

सकाळी बाबांना दाखवलं. त्यांनी विचारलं, “कशानं सुधारलं?” मला सांगता येईना. दुपारी पुन्हा लावलं तर कालच्याइतकंच वाईट.

बाबा रागावले नाहीत. आतून एक कोरी दोनशे पानी वही आणली आणि वर तारीख घातली. म्हणाले, “हँगरमध्ये विमानाचं सगळं फॉर्म ७०० मध्ये असायचं. स्नॅग म्हणजे बिघाड काय, कोणी बघितला, काय केलं, सही. पाच गोष्टी एकदम बदलल्यास तर विमान बरं झालं तरी दुखणं कुठे होतं ते कळत नाही, आणि ते परत येतं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. नाही लागू पडली तर ती पूर्ववत करायची आणि मगच पुढची.”

सगळी सेटिंगं मूळ जागी आणली. आजपासून या नोंदी.

१२ एप्रिल

आधी मोजमाप. एक्स-प्लेनच्या डेटा आउटपुटमध्ये फ्रेम रेटची ओळ चालू केली. त्यात प्रत्येक फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या एकेका चित्राला, लागणारा वेळ दिसतो, शिवाय त्यात सीपीयूचा (प्रोसेसरचा) किती आणि जीपीयूचा (ग्राफिक्स कार्डाचा) किती तेही. मला ही ओळ एफपीएसच्या आकड्यापेक्षा कितीतरी उपयोगी वाटते. एफपीएस म्हणजे सेकंदाला किती फ्रेम, ती सेकंदाची सरासरी असते. सेकंदात ४० फ्रेम आल्या आणि त्यांतल्या एकीनेच ३०० मिलिसेकंद खाल्ले, तर आकडा चांगला दिसतो पण डोळ्याला धक्का बसतो. बाबांना गरगरतं ते त्या एकीमुळे.

दोन चाचण्या ठरवल्या. उभी चाचणी: रनवे २८ च्या टोकाला उभं राहायचं, सकाळचे दहा, आकाश निरभ्र, नजर सरळ समोर, दोन मिनिटं. उडती चाचणी: लोहगाव ते वाई आणि परत, ५,५०० फुटांवरून. सरळ रेषेत साधारण ७० किलोमीटर, सेस्नाला एका बाजूने वीसेक मिनिटं.

उभी चाचणी: फ्रेमला ४६ मिलिसेकंद, म्हणजे २१-२२ एफपीएस. त्यातले जवळजवळ सगळे सीपीयूचे. जीपीयूचे १७, तेही सीपीयूच्या कामाबरोबरच चालणारे.

म्हणजे पाडव्याच्या रात्री मी ज्या सावल्या, ढग नि प्रतिबिंबं कापत होते तो भार मुख्यतः ग्राफिक्स कार्डाचा, आणि कार्ड तर अर्ध्याहून जास्त वेळ रिकामंच होतं. टास्क मॅनेजरने मला फसवलं, कारण तिथे सीपीयू ३० टक्केच दिसत होता. प्रोसेसरमध्ये सहा कोर, म्हणजे काम करणारे सहा भाग, आहेत. सिम्युलेटरचं मुख्य काम बरंचसं एका धाग्यावर, म्हणजे एकाच कोरवर, चालतं. एक कोर जिवाच्या आकांताने धावतो, बाकीचे जवळपास बसून असतात, आणि सरासरी निघते ३०.

१३ एप्रिल

आजची नोंद बाबांच्या घड्याळाची.

उडती चाचणी करताना त्यांनी सवयीने टेकऑफला मनगटावरच्या घड्याळात वेळ बघून ठेवली. वाईवर पोचल्यावर म्हणाले, “कॉकपिटमधलं घड्याळ मागे पडतंय.” मला वाटलं त्यांनी चुकीचं वाचलं. परत उडवलं, या वेळी मीही मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं. खऱ्या घड्याळात २३ मिनिटं झाली, कॉकपिटमध्ये २१.

रात्री एक्स-प्लेनची माहितीपुस्तिका वाचताना उत्तर सापडलं. फ्रेम रेट २० च्या खाली गेला की एक्स-प्लेन सिम्युलेशनचा काळच हळू करतो. दोन फ्रेममधलं अंतर फार वाढलं तर हवेच्या आणि चाकांच्या बलांचं गणित डळमळतं, विमान वेडंवाकडं उसळू शकतं. ते टाळायला जगच सावकाश चालवलं जातं. काटा ११० नॉटच दाखवतो, पण ती ११० नॉट संथ काळातली असतात. पुणे शहरावरून जाताना आमचा दर १६-१७ वर येत होता, आणि ती दोन मिनिटं तिथेच हरवत होती.

मला हे सापडल्याचा फार आनंद झाला, कारण आता आपल्याकडे डोळ्याच्या अंदाजापलीकडची कसोटी आहे. दोन्ही घड्याळं जुळली पाहिजेत. बाबांनी वहीत लिहिलं: “स्नॅग १. घड्याळ मागे.” खाली सही.

१४ एप्रिल

बाबांनी बाकीचे स्नॅग लिहून काढले, त्यांच्याच शब्दांत. “स्नॅग २. दर थोड्या सेकंदांनी बारीक टिचकी. स्नॅग ३. खंबाटकी घाटाच्या सुमारास मोठा गचका, एक-दोन सेकंद सगळं थिजतं. स्नॅग ४. अर्ध्या तासाने सगळंच जड.”

मी या चारींना मिळून ‘लॅग’ म्हणत होते. त्यांनी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला: “जागेवर येतो की वेळेवर?” त्यांचं म्हणणं, ठरावीक जागी येतो त्याचं कारण जागेत शोधायचं, ठरावीक वेळाने येतो त्याचं मशीनमध्ये. पुढचे तीन आठवडे आम्ही या प्रश्नाला धरून राहिलो.

१६ एप्रिल

अँटिव्हायरसला सिम्युलेटरचा फोल्डर वगळायला सांगितला. फरक नाही. पूर्ववत. पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर. फरक नाही. पूर्ववत.

१८ एप्रिल, गुरुवार

गुरुवार, महावितरणच्या देखभालीचा दिवस, त्यामुळे सकाळपासून वीज नाही. कॅबिनेट गॅलरीत आणून उन्हाच्या उजेडात उघडलं. चार वर्षांत पहिल्यांदाच.

धूळ होतीच. पण बाबांचं बोट दुसरीकडे गेलं. “या दोन पट्ट्या अशा चिकटून का बसवल्यात? दोन जागा मोकळ्या दिसतात की.”

मदरबोर्डवर रॅमचे चार स्लॉट आहेत. ८ जीबीच्या दोन्ही पट्ट्या शेजारशेजारच्या, एकाच चॅनेलच्या स्लॉटमध्ये होत्या. बोर्डाच्या पुस्तिकेत चित्र काढून सांगितलंय की दोन पट्ट्या असतील तर प्रोसेसरकडून मोजत दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये घाला. असं केलं तर दोन्ही चॅनेल चालतात आणि प्रोसेसरला डेटा दुप्पट रुंदीच्या रस्त्याने मिळतो. ज्या दुकानातून मशीन बांधून घेतलं तिथे ते झालं नाही, आणि मीही कधी उघडून बघितलं नाही. रोजच्या कामात हे कळतही नाही. ईमेल आणि एक्सेल एका चॅनेलवरही सुरळीत चालतात.

पट्ट्या हलवल्या. चार वाजता वीज आली. उभी चाचणी: ४६ वरून ४० मिलिसेकंद.

बाबा म्हणाले, “एकच गोष्ट. आज थांब.” मोह होत होता, पण थांबले.

१९ एप्रिल

टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचं पान उघडलं. वेग २१३३. पट्ट्यांवरच्या स्टिकरवर ३२०० छापलंय.

रॅमची पट्टी ३२०० ची असली तरी मदरबोर्ड ती आपणहून त्या वेगाला चालवत नाही. सुरक्षित मूळ वेगाने सुरू करतो. जास्तीचा वेग पट्टीतच नोंदलेला असतो, पण बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगांत) जाऊन एक्सएमपी हे प्रोफाइल निवडावं लागतं. रायझनमध्ये तर याला दुहेरी महत्त्व आहे, कारण प्रोसेसरच्या आतल्या भागांना जोडणारी इन्फिनिटी फॅब्रिक मेमरीच्या घड्याळाशी, म्हणजे वेगाशी, बांधलेली असते. रॅम हळू, की आतली वाहतूकही हळू.

एक्सएमपी चालू केलं. रात्रभर मेमरी टेस्ट लावून ठेवली, एकही चूक निघाली नाही. उभी चाचणी: ३५ मिलिसेकंद.

एक रुपया न खर्चता ४६ चे ३५. बाबांनी स्नॅग १ पुढे तारीख घातली, पण सही केली नाही. शहरावरून अजून उडायचं होतं.

२० एप्रिल

विमानतळावर मी हौसेने सहा एआय विमानं (कॉम्प्युटरच चालवतो ती) उभी केली होती, लोहगाव भरलेलं दिसावं म्हणून. एक्स-प्लेन त्या प्रत्येकाचं उड्डाणगणित खरोखर करतो, नुसती चित्रं हलवत नाही, आणि ते काम सीपीयूवरच येतं. पाच काढली, एक ठेवलं. ३५ चे २९. मग इमारती-झाडांची दाटी कमालवरून मध्यमवर: २५.

बाबांना झाडं कमी झाल्याचं वाईट वाटलं. “वाईला झाडं आहेत गं खूप.” मी त्यांना सांगितलंय की आधी गचके जाऊ देत, मग झाडं एकेक पायरीने परत आणू.

शहरावरून आज सर्वांत कमी २६ एफपीएस. दोन्ही घड्याळं जुळली. स्नॅग १ वर सही झाली.

२१ एप्रिल

विचित्र गोष्ट. आता ३५-४५ एफपीएस मिळतात, पण वळण घेताना चित्र गुळगुळीत सरकत नाही. उलट काही वेळा आधीपेक्षा खरबरीत वाटतं.

याचं उत्तर मॉनिटरमध्ये आहे. ६० हर्ट्‌झचा मॉनिटर दर १६.७ मिलिसेकंदांनी चित्र बदलतो. ४५ फ्रेम ६० घरांत बसवायच्या म्हटल्या की काही फ्रेम एक घर राहतात, काही दोन. १६.७, १६.७, ३३.३, अशी लय सतत मोडत राहते. ३० वर बांधलं तर प्रत्येक फ्रेम बरोबर दोन घरं राहते, ३३.३ मिलिसेकंद, न चुकता. तबल्याचा ठेका विलंबित असला तरी कानाला सुखावतो, तुटक द्रुत खुपतो, तसंच हे.

कार्डाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या लयीला बांधणारं सेटिंग) चालू केलं, रिव्हाट्यूनर या प्रोग्राममध्ये ३० एफपीएसची मर्यादा घातली. बाबांनी सिंहगडावर डावं वळण घेतलं, उजवं घेतलं, पुन्हा डावं. काही बोलले नाहीत, आणखी एक वळण घेतलं. आईला हाक मारली आणि खडकवासल्याचं पाणी दाखवलं.

३० हा आकडा ऐकून माझ्या ऑफिसातली मुलं नाक मुरडतील. नेमबाजीच्या खेळाला तो कमीच आहे. सेस्नाला पुरतो, अट एवढीच की तो अजिबात हलता कामा नये.

२४ एप्रिल

स्नॅग २, बारीक टिचकी. जागेवर नाही, वेळेवर. फोटोंचा बॅकअप घेणारा प्रोग्राम सिम्युलेटरच्या फोल्डरवरही नजर ठेवून होता आणि उड्डाणात बदललेली प्रत्येक फाइल पुन्हा तपासत होता. फोल्डर त्याच्या यादीतून काढला. टिचकी गेली. सही.

२७ एप्रिल, शनिवार

स्नॅग ३. यावर पूर्ण दिवस गेला आणि मला तो सर्वांत आवडला.

शिरवळ मागे पडतं, खंबाटकी घाट जवळ येतो आणि एक-दोन सेकंद सगळं थिजतं. नंतर वाईपर्यंत छोटे छोटे गचके. प्रत्येक वेळी तिथेच. हे जागेमुळे की उड्डाणाला पंधरा-वीस मिनिटं झाल्यामुळे, हे ठरवायला बाबांनी साधी युक्ती सांगितली: विमान थेट शिरवळच्या वर हवेत सुरू कर. केलं. तिसऱ्या मिनिटाला गचका. मग उलट दिशेने, वाईहून पुण्याकडे. घाट ओलांडल्यावर सगळं शांत. म्हणजे जागेचाच.

बाबांनी कपाटातून जुना महाराष्ट्राचा नकाशा काढला आणि पट्टी ठेवून अक्षांशाची रेघ ओढली. १८ अंश उत्तर. रेघ खंबाटकीच्या आसपासूनच जाते. वाई तिच्या जरा खाली.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. एक्स-प्लेनची जमीन १ अंश बाय १ अंशाच्या तुकड्यांत असते. पुणे +१८+०७३ या तुकड्यात येतं, वाई +१७+०७३ मध्ये. वाईचा घाट नीट दिसावा म्हणून त्या एका तुकड्यासाठी मी पाडव्याच्या आधी ऑर्थो४एक्सपी वापरून उपग्रहचित्रांची जमीन बनवली होती. एसएसडी भरत आली म्हणून तो फोल्डर जुन्या हार्ड डिस्कवर ठेवला आणि एक्स-प्लेनच्या कस्टम सीनरी फोल्डरमध्ये फक्त शॉर्टकट टाकला. एक्स-प्लेन शॉर्टकट मानतो, म्हणून सगळं बिनबोभाट चाललं होतं.

विमान जसजसं जवळ जातं तसतशी जमिनीची जास्त तपशिलाची चित्रं डिस्कवरून उचलली जातात. पुण्याचा तुकडा एसएसडीवर, तिथे ते जाणवत नाही. रेघ जवळ आली की मागणी फिरत्या तबकडीच्या डिस्ककडे जाते. तिचं डोकं इकडून तिकडे धावत हजारो लहानमोठे तुकडे गोळा करणार, तोवर फ्रेम ताटकळत उभी. टास्क मॅनेजर उघडा ठेवून पुन्हा उडवलं: घाटाच्या अलीकडे हार्ड डिस्क १०० टक्के, जणू खंबाटकीतला रविवार संध्याकाळचा जाम.

एसएसडीवरून ऑफिसची जुनी कामं हार्ड डिस्कवर हलवली, वाईचा फोल्डर एसएसडीवर आणला. पुन्हा उड्डाण. शिरवळ, घाट, बोगद्याचं तोंड, सुरूरचा फाटा. काहीच अडलं नाही. समोर धोमचं पाणी आणि त्यामागे पाचगणीचं सपाट पठार वर आलं.

बाबा एकेक नाव घेत होते. मेणवली. पसरणीचा घाट. “ढोल्या गणपती या वळणावर असणार.” एवढ्या उंचीवरून देऊळ दिसत नाही, पण नदीचं वळण बरोबर होतं. त्यांनी विमान डावीकडे कलतं केलं आणि दोन चकरा मारल्या. मी वहीत आकडे लिहायचे विसरले.

२८ एप्रिल

स्नॅग ४. बाहेर पारा चाळिशीच्या घरात, दुपारी तीन वाजता मुद्दाम उभी चाचणी पाऊण तास चालू ठेवली. विमान रनवेवरून हललंही नाही. पंचविसाव्या मिनिटापर्यंत सीपीयूचे २५ मिलिसेकंद, मग २८, ३१, ३५. रात्री अकराला तीच चाचणी: जेमतेम २७. म्हणजे वेळेचा, आणि उन्हाचा.

तापमान दाखवणाऱ्या एचडब्ल्यूइन्फोमध्ये प्रोसेसर ९५ अंशांवर टेकलेला. या प्रोसेसरची कमाल मर्यादा तीच. तिथे पोचला की स्वतःला वाचवायला तो घड्याळ खाली आणतो, आमचा ३.६ गिगाहर्ट्‌झच्याही खाली आला होता. कॅबिनेट टेबलाच्या लाकडी कप्प्यात आहे, मागची बाजू भिंतीला टेकलेली. गरम हवा बाहेर पडते आणि पुढून परत आत येते.

३० एप्रिल

ऑफिसातून येताना तपकीर गल्लीत थर्मल पेस्ट घेतली.

हीटसिंक काढण्याआधी मशीन दहा मिनिटं चालवून गरम केलं, म्हणजे जुनी पेस्ट मऊ पडते. मग बंद करून, वायर काढून, हीटसिंक सरळ वर न ओढता हलकेच डावी-उजवीकडे फिरवत सोडवला. या पिढीच्या रायझनला पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात. सुकलेल्या पेस्टने तो हीटसिंकला चिकटून सॉकेटमधून उपसला जाऊ शकतो आणि पिना वाकतात. कुणी हे करणार असेल तर ही पायरी गाळू नये अशी माझी कळकळीची विनंती. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवायचं, भन्नाट फिरू द्यायचं नाही.

जुनी पेस्ट खडूसारखी झाली होती. बाबांनी मऊ कापडाने दोन्ही पृष्ठभाग पुसले, उजेडात तिरपं धरून तपासले, परत पुसले. हात अजून तितकाच स्थिर आहे. वाटाण्याएवढा थेंब मधोमध, आणि स्क्रू कर्णाच्या क्रमाने थोडे थोडे आवळत. तो क्रम त्यांना सांगावा लागला नाही.

१ मे

कॅबिनेट कप्प्यातून काढून टेबलाशेजारी लाकडी पाटावर ठेवलं, मागे वीतभर मोकळी जागा. दुपारी तीनची चाचणी, पाऊण तास: प्रोसेसर ७८ अंश, फ्रेमचा वेळ शेवटपर्यंत २५-२६. सही.

४ मे, शनिवार

झाडांची दाटी एक पायरी वर आणली. २८ मिलिसेकंद. ३० च्या मर्यादेला अजून ५ शिल्लक आहेत, तेवढे शहरावर लागतात. याहून वर नेणार नाही.

ढगांचा प्रश्न उघडा आहे. पावसाळी हवामान लावलं की जीपीयू ३६ वर जातो, तिथे मात्र ग्राफिक्स कार्डच कमी पडतं. वहीत स्नॅग ५ म्हणून लिहिलाय. जूनच्या आत बघायचं आहे, कारण बाबांना पावसातला पसरणी घाट बघायचाय.

संध्याकाळी पूर्ण उड्डाण, मी फक्त बाजूला बसले. रनवे २८ वरून टेकऑफ, वाईवर तीन चकरा, परतीला कात्रजवरून लोहगाव. शेवटच्या वळणानंतर रनवे समोर आला आणि दोन्ही हात पुढे घेऊन ते इतके एकाग्र झाले की फोन वाजला तो आम्ही कुणीच उचलला नाही. चाकं टेकली, एकदा उसळली, पुन्हा टेकली. मधोमध थांबलं.

बाबांनी मनगट वर करून बघितलं, मग पडदा बघितला, आणि वहीत स्वतः लिहिलं: “उड्डाण ४९ मिनिटं. घड्याळ ४९ मिनिटं. गरगरलं नाही.”